साडेपासष्ट मिलिमीटर

८ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझ्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहितेय. "फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनानं रचते आणि मग भांडणं होतात," हा तुझा निरोप आईनं शब्दशः पोचवला. बाई दिवसभर लोकांच्या श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे बनवते आणि स्वतः यंत्र लावायचं म्हटलं की कानांवर हात ठेवते! पण मला पत्र लिहायला आवडतं, तेव्हा तक्रार नाही.

नोकरीला लागून महिना झाला. न्यायवैद्यक विभाग, संशोधन सहायक. पोरगी पोलिसात लागली, असं बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत. घरातली पहिलीच पदवी, त्यामुळे पदवी मिळाल्यावर माणूस नक्की करतो काय, हे आपल्याकडे कोणालाच ठाऊक नाही. मलाही नव्हतं. आता सांगते. मी कान मोजते.

हसू नकोस. समोर विद्यार्थी बसतो, मान सरळ, नजर भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर. मी कॅलिपरनं त्याच्या कानाची लांबी घेते, रुंदी घेते, मग पाळीची लांबी आणि रुंदी. प्रत्येक माप तीनदा. आमच्या विभागप्रमुख मॅडमचा प्रश्न असा आहे की, एखाद्या अपघातात चेहरा उरला नसेल, हाती शरीराचा जेमतेम एखादा भाग लागला असेल, तर नुसत्या कानावरून ती व्यक्ती पुरुष होती की स्त्री, हे सांगता येईल का? पुरुषांचे कान साधारणपणे मोठे असतात, पण किती मोठे, आणि कितपत भरवसा ठेवायचा?

मावशी, बावीस वर्षं मी माणसांचे चेहरे पाहिले आणि कान म्हणजे चष्म्याच्या काड्या अडकवायची खुंटी समजले. आता एकशे चाळीस कान पाहून झालेत आणि त्यांत दोन सारखे नाहीत. एकाच माणसाचे दोनही सारखे नाहीत! बाहेरची कड कुठे दुमडते, आतली कुठे फुटते, वाटी किती खोल, पाळी गालाला चिकटलेली की सुटी. मोजता मोजता कधी हात थांबतो. वाटतं, आपण कोणाच्या तरी घराच्या उघड्या दारात उभे आहोत.

तुझी,
बबडी


२० जानेवारी

बबडे,

पत्र पोचलं. तुझ्या बाबांनी मला कळवलंय की तू "कानांची डॉक्टर" झालीस. मी म्हटलं, मग गेली बावीस वर्षं मी कोण आहे, कानांची शिंपीण?

पण खरं सांगू, वाचून अंगावर काटा आला. घरात कोणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात, कानात काय बघायचंय? आता माझ्या बाजूनं बोलणारं कोणीतरी झालं, तेही पदवीवालं.

माझं काम तुला नीट कधी सांगितलं नाही. गिऱ्हाईक बसलं की मी त्याच्या कानात मऊ रबराचा लगदा भरते आणि पाच मिनिटं थांबते. तेवढ्यात तो घट्ट होतो. त्या पाच मिनिटांत माणसं फार खरं बोलतात बघ. स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही ना! एक आजोबा बायकोसमोर म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं, मी ऐकत नाही एवढंच." बायकोनं मला विचारलं, "दुसऱ्या कानातही भरता का लगेच?"

आणखी एक माझी सवय आहे. कानामागे पातळ बटर पेपर धरायचा आणि कानाच्या कडेनं पेन्सिल फिरवून आकार काढून घ्यायचा. तो त्या माणसाच्या कार्डाला टाचून ठेवते. डॉक्टर वैतागतात. म्हणतात, "बाई, हा काय चित्रकलेचा तास आहे?" पण साचे एकमेकांत मिसळले की हेच कागद इज्जत वाचवतात.

बरं, तुम्ही म्हाताऱ्या माणसांचेही कान मोजता ना? आमच्याकडे बहुतेक सगळी साठीच्या पुढचीच येतात. सहज विचारलं. तुम्हाला माहीत असणारच, मी दहावी नापास बाई काय सांगणार.

जेवत जा वेळेवर.

मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

झालं! दोनशे विद्यार्थी मोजून झाले. शंभर मुलं, शंभर मुली. चारही मापं एकत्र घेऊन सूत्र बसवलं आणि मॅडमनी माझी परीक्षा घेतली. नवीन विद्यार्थ्यांची नुसती मापं दिली, नावं झाकून. मुलगा की मुलगी, एवढंच सांगायचं. शंभरात सत्त्याऐंशी बरोबर आले. सत्त्याऐंशी, मावशी! माणूस न पाहता, नाव न ऐकता, मिलिमीटरांवरून! मी कोष्टकाकडे बघत बसले. शिपाई म्हणाला, "बाई, भूत दिसलं का?" मी म्हटलं, "नाही, माणसं दिसली."

तू म्हाताऱ्यांचं विचारलंस. नाही गं, आमच्याकडे सगळे अठरा ते पंचवीस. विद्यार्थी हाताशी असतात, एका कपभर चहावर रांग लावतात. वयस्कर मंडळी मॅडमनी पुढच्या वर्षावर ठेवलीत. काळजी करू नकोस, शास्त्रात नमुना नावाची गोष्ट असते. सगळं जग मोजावं लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हण हवं तर.

आणि एक सांगू? तुमच्या दुकानातल्या साच्यात फक्त वाटी आणि आतला रस्ता येतो. आम्ही मोजतो तो बाहेरचा पूर्ण कान. त्यामुळे तुझं काम आणि माझं काम तसं वेगळं आहे. पण तुला सांगताना जेवढी मजा येते तेवढी इथं कोणालाच सांगताना येत नाही.

तुझी,
बबडी


२६ फेब्रुवारी

बबडे,

सत्त्याऐंशी! मला गणितात दोन पेपरांचे मिळूनही कधी सत्त्याऐंशी पडले नाहीत. ताईनं फोनवर तीनदा ओरडून सांगितलं, तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

इकडे ठीक. आमचे रिटायर्ड हेडमास्तर काल पुन्हा आले. साचा सैल झालाय म्हणून कुरकुर. यंत्र शिट्टी मारतं आणि नातवंडं हसतात. म्हणाले, "बाई, तुमचा माल आकसतो." मी म्हटलं, "माल नाही आकसत, सर, तुमचा..."

असो. वेगळं काम आहे, तू म्हणालीस तेच बरोबर. मी लुडबुड करत नाही. तू मोठी हो.

मावशी


३० मार्च

प्रिय मावशी,

महिनाभर पत्र नाही, कारण घडलं ते नीट बसून लिहायचं होतं.

शहराबाहेरच्या दगडखाणीत बारा तारखेला कडा कोसळला. एक ट्रक दबला. ड्रायव्हरचा देह त्याच दिवशी मिळाला, पण चिरडलेला, डोक्याकडचा भाग नाहीच. दोन दिवसांनी, तिथून बऱ्याच अंतरावर, फाटकाकडच्या बाजूला एक कान मिळाला. उजवा. त्याच्यामागची थोडी त्वचा, बस्स.

फाटकापाशी चहाची टपरी होती. ती चालवणारी म्हातारी त्या दिवसापासून कोणाला दिसलेली नाही. खाणवाले म्हणतात, ती आदल्या दिवशीच सामान आवरून कुठंतरी निघून गेली, टपरी बंद होती. तिची मुलगी म्हणते, आई तिथेच होती. टपरीच्या जागी आता दोन मजले उंच दगड आहेत. इन्स्पेक्टरांना एवढंच हवं होतं: कान पुरुषाचा असेल तर तो ड्रायव्हरचाच, खोदकाम थांबवायचं. बाईचा असेल तर फाटकाखालचा ढिगारा उपसायचा. डीएनए तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि तिथे महिनोन्‌महिने रांग.

मॅडम म्हणाल्या, "आपलं कोष्टक काढ."

मावशी, मी कॅलिपर दोनदा पुसून घेतला. दोनशे जिवंत माणसांचे कान मोजताना समोरचा श्वास घेत असतो, मध्येच हसतो, मान हलवतो. हा स्तब्ध होता. मी मनातल्या मनात त्याची परवानगी मागितली. लांबी साडेपासष्ट मिलिमीटर. मॅडमनी स्वतः मोजली, साडेपासष्टच. रुंदी जरा कमी होती, खरं तर मुलींच्या रांगेत बसणारी. पण माझ्या शंभर मुलींपैकी एकीचाही कान चौसष्टच्या पुढे गेलेला नव्हता. सूत्रानं सांगितलं, पुरुष. हवालदार म्हणाला, "पाळीला भोक नाही, म्हणजे बाप्याच की! त्याला यंत्रं कशाला हवीत?" मॅडमनी "पुरुष असण्याची दाट शक्यता" असं लिहून सही केली. कान ड्रायव्हरच्या नावावर गेला, डीएनएची गरज उरली नाही, खोदकाम थांबलं.

ज्याचा माणूस उरला नाही असा तळहाताहून लहान कान बोलला, आणि आम्हाला ऐकू आलं. त्या दिवशी मी घरी चालत गेले. बसमध्ये बसवेना.

त्या म्हातारीची मुलगी शिवणकाम करते. चाळिशीची असेल. रोज सकाळी येऊन आमच्या पायरीवर बसायची, कोणाला काही विचारायची नाही. अहवाल गेल्यावर मीच बाहेर गेले. म्हटलं, "ताई, ती तुमची आई नाही. तुम्ही घरी जा. आई कुठेतरी सुखरूप असतील." तिनं माझे दोन्ही हात धरले. "नक्की?" मी म्हटलं, "शास्त्र सांगतंय." ती उठली, पदरात... नाही, तिच्याकडे शिवणाच्या कापडांची पिशवी होती, तिच्यात तोंड खुपसून रडली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आपल्या शिक्षणानं कोणाचे तरी डोळे पुसले, हे मला पहिल्यांदा कळलं.

तुझी,
बबडी


६ एप्रिल

बबडे,

हे पत्र बसून वाच. दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितेय.

कान वाढतो, पोरी.

माणसाची उंची विशीत थांबते, कान थांबत नाही. मरेपर्यंत हळूहळू लांबत जातो, बाप्यांचाही आणि बायकांचाही. हेडमास्तरांचा साचा सैल होतो तो त्यापायी. मी हे बावीस वर्षं रोज बघतेय. जानेवारीत तुला म्हाताऱ्यांचं विचारलं ते सहज नव्हतं. फेब्रुवारीतही लिहायला घेतलं होतं आणि मध्येच थांबले, तू पाहिलंच असशील. तू लिहिलंस की आपलं काम वेगळं, मग वाटलं, शिकलेल्या माणसांना एवढं ठाऊक असणारच. आपण कशाला अक्कल पाजळायची? घरात एक पोरगी शिकली, तिच्यापुढे आपलं दुकान मांडायची लाज वाटली. ती लाज त्या शिवणवाल्या बाईला भोवली.

सोबत नऊ कागद पाठवतेय. नऊ बायका आहेत. प्रत्येकीच्या कानाचा जुना आकार निळ्या पेन्सिलीनं आणि नवा लालनं, एकावर एक ठेवून उतरवलाय. खाली तेव्हाचं आणि आत्ताचं वय. नावं लिहिली नाहीत. पहिली बघ, अठ्ठेचाळीसची असताना आली तेव्हा साठ मिलिमीटर, आता सत्तरीला साडेचौसष्ट. नऊपैकी पाच जणी तुझ्या चौसष्टच्या पुढे आहेत. एकीचा तर अडुसष्ट. शाळेच्या पट्टीनं मोजलंय, अर्धा इकडे-तिकडे धर. आणि रुंदी बघ, ती फारशी सरकत नाही. तू लिहिलंस ना, रुंदी मुलींच्या रांगेत बसत होती म्हणून? ते वाचलं आणि माझा चहा गार झाला.

शितावरून भाताची परीक्षा होते, खरं आहे. पण तू शितं एका भांड्यातली घेतलीस आणि परीक्षा दुसऱ्या भांड्याची केलीस.

तो कान त्या म्हातारीचाच आहे, असं मी म्हणत नाही. ते मला कळत नाही. पण तो पुरुषाचाच, असं तुझं कोष्टक म्हणू शकत नाही. तिचं वय काय होतं, हे तुमच्यापैकी कोणी विचारलं का?

रागाव माझ्यावर. पण आधी तुझ्या मॅडमकडे जा.

मावशी


११ एप्रिल

मावशी,

पत्र आज दुपारी मिळालं. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेवर नऊही कागद चिकटवले. मागून ऊन आलं. निळ्या रेघेच्या बाहेरून लाल रेघ, खाली पाळीकडे दोघींमधलं अंतर वाढत गेलेलं. एकेका बाईची वीस-वीस वर्षं त्या फटीत. मी इतकं सुंदर आणि इतकं भयंकर काही पाहिलेलं नाही.

मग पुस्तक उघडलं. त्यात हे होतं. एका ओळीत होतं. आणि त्या ओळीखाली मी परीक्षेच्या वेळी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती.

वय कोणीही विचारलं नव्हतं. मॅडम उद्या येतील.

बबडी


२९ एप्रिल

प्रिय मावशी,

मॅडम खुर्चीत बसायच्या आधीच मी म्हटलं, "मॅडम, आपलं कोष्टक चुकलंय."

"मोजमाप चुकलं?"

"मोजमाप बरोबर आहे. पण ते फक्त तरुणांचं आहे."

त्या खिडकीपाशी गेल्या. एकेक कागद चष्मा वर करून पाहिला. खूप वेळ. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली.

"हे कोणी काढलंय?"

"माझ्या मावशीनं."

"कोणत्या संस्थेत असतात?"

"दुकानात असते. श्रवणयंत्रांच्या."

मॅडम म्हणाल्या, "बावीस वर्षं त्याच त्या माणसांचा माग. आमच्याकडे एवढं धीरानं काम करायला कोणाला वेळ नसतो." मग खुर्चीत बसल्या. "वयस्कर पुढच्या वर्षी घेऊ, असं मीच म्हटलं होतं. आणि सही माझी आहे. बस, पत्र लिहू."

अहवाल मागे घेत असल्याचं पत्र. "उपलब्ध मापांवरून लिंग सांगता येत नाही." मावशी, एवढं एक वाक्य टाईप करायला मला अर्धा तास लागला. इन्स्पेक्टर तर खुर्चीतच उसळले. "काय हो, गेल्या महिन्यात कान बाप्या होता, आता बाई झाला? पुढच्या महिन्यात कोण होणार?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "गेल्या महिन्यात आम्हाला वाटलं की आम्हाला माहीत आहे. आता माहीत नाही, एवढं माहीत झालंय. नमुना तपासणीला पाठवा, तातडीचं पत्र मी देते." ते म्हणाले, "आणि वर मी काय सांगू?" "माझं नाव सांगा."

नमुना गेला. मग दुसरं काम उरलं. मॅडम म्हणाल्या, "मी येऊ का?" मी म्हटलं, "मी एकटीनं सांगितलं होतं, एकटीच जाते."

तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एक शिवणयंत्र, अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग, भिंतीला टेकवलेली घडीची खाट. दार उघडल्याबरोबर तिचा चेहरा उजळला. "सापडली?"

तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले होते. ती तीन आठवडे आईला शोधत होती. "सुखरूप असतील," मी म्हणाले होते ना! दवाखाने, निवारे, बसस्थानकं. कामं परत केलेली. आईचा फोटो दाखवून दाखवून त्याचे कोपरे मऊ पडलेले.

मी उभ्यानंच सांगितलं. माझं चुकलं, तो कान कोणाचा ते आम्हाला माहीत नाही, तुमच्या आईचा असू शकतो, तुमचं रक्त लागेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती यंत्राच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही केवढ्या खात्रीनं बोलला होता हो त्या दिवशी."

मग विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. "वय काय आईचं?"

"एकाहत्तर."

"कान टोचलेले?"

"छे! सुई दिसली की पळायची. माझ्या यंत्राजवळसुद्धा बसायची नाही. म्हणायची, तुझं ते टकटकणं जनावर आवर आधी." ती हसली आणि मग तिला आपण हसल्याचं लक्षात आलं. तिनं केस कानामागे सारले.

मावशी, आतली कड जिथे वर दोन फांद्यांत फुटते ना, तिथे तिच्या उजव्या कानात एक बारीकशी चुणी आहे. चिमटीत धरून सोडल्यासारखी. दोनशे जणांच्या कानांत मी ती पाहिली नव्हती. एकाच कानात पाहिली होती, आणि तो कान तेव्हा स्तब्ध होता.

चाळीस वर्षांपूर्वी एका देहातून दुसऱ्या देहात ही एवढीशी चुणी जशीच्या तशी उतरली, कोणी सांगितलं नाही, कोणी शिकवलं नाही, आणि दोघींपैकी एकीनंही ती कधी पाहिली नसेल. स्वतःचा कान कोणाला दिसतो?

मी कोणालाही काही बोलले नाही. खात्रीनं बोलायचा माझा हक्क संपला होता. घाट उतरल्यासारखे जिने उतरले आणि तिला रक्त द्यायला घेऊन गेले.

आता उत्तराची वाट बघतोय.

बबडी


७ मे

बबडे,

पत्र डॉक्टरांना दाखवलं, तुझी परवानगी न घेता. त्यांनी माझी कार्डांची पेटी स्वतः उचलून कोरड्या कपाटात ठेवली. चित्रकलेच्या तासाचं नाव काढलं नाही. तुझ्या मॅडमचंही पत्र आलंय मला. "आदरणीय बाई" असं लिहिलंय. मी आधी पाकीट उलटून बघितलं, दुसऱ्या कोणाचं तर नाही.

तू स्वतःला फार फटकारू नकोस. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, तू विचारू शकत होतीस आणि विचारलं नाहीस. त्या बाईचे तीन आठवडे आपण दोघींनी मिळून घालवले. ते परत देता येत नाहीत. पण तू जिना चढलीस. पुष्कळ मोठी माणसं जिन्याखालूनच निरोप पाठवतात.

चुणीचं वाचून मी आरशासमोर गेले. एक आरसा समोर, एक हातात. बावन्न वर्षांची झाले, पहिल्यांदा स्वतःचा कान नीट बघितला. तुझ्या आजीचा आहे, गं. ती गेली तेव्हा मी सतराची होते. मला वाटत होतं, तिचं माझ्याजवळ काही उरलं नाही.

उत्तर काहीही येवो, तिच्याकडे तूच जा.

मावशी

ता. क. उजव्या कानात यंत्र लावलंय. साचा माझा मीच घेतला. पंखा एवढा मोठ्यानं फिरतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.


९ जून

प्रिय मावशी,

उत्तर आलं. कान तिच्या आईचा होता.

त्याच आठवड्यात फाटकाखालचा ढिगारा उपसायला घेतला. तिसऱ्या दिवशी टपरीचा पत्रा लागला. टपरी बंद नव्हती, मावशी. स्टोव्हवर पातेलं होतं. त्याच्याशेजारी ती होती. इन्स्पेक्टर स्वतः आमच्याकडे आले, टोपी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. जाताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी बाई, माहीत नसेल तर पहिल्यांदाच सांगा. मी चिडेन. तरी सांगा."

आमच्या कोष्टकात आता वयाचा रकाना आहे. वय कळत नसेल तर सूत्र वापरायचं नाही, असं मॅडमनी वर लाल शाईनं लिहिलंय. या महिन्यात मी वृद्धाश्रमात जाऊन मोजते आहे. तुझे कागद त्या-त्या बायकांची संमती घेऊन मागवायचेत. मॅडम तुला लिहितीलच, त्यांना तुझं नाव अहवालात घालायचंय. कानांवर हात ठेवू नकोस.

काल ती आईला न्यायला आली. कागदांवर सह्या झाल्या. बाहेर गाडी उभी होती, दोन-तीन शेजारी होते. सगळं आटोपल्यावर ती माझ्या खोलीच्या दारात आली. मला वाटलं, आता बोलेल, बोलावंच तिनं. तिनं विचारलं, "तुम्ही मोजला होता ना? किती होता?"

मी म्हटलं, "साडेपासष्ट मिलिमीटर."

शिवणावरून उठून तशीच आली होती. गळ्यात टेप होती. तिनं ती काढली, बोटांनी सरकवत नेली आणि सहा सेंटिमीटरच्या पुढे, साडेपासष्टावर, अंगठ्याचं नख रोवलं. सराईत हात, एकदाही चुकला नाही. मग टेपेचा तेवढाच तुकडा उजेडात धरला आणि बघत राहिली. मी पण बघत राहिले. सहा महिने मी अशी मापं लिहीत होते, कोष्टकात मांडत होते, गुणत होते. त्यातलं एक केवढं असतं, हे मी काल पाहिलं.

ती म्हणाली, "एवढाच? लहानपणापासूनचं माझं सगळं मी ह्यात सांगितलंय."

तुझी,
बबडी